पूना गेस्ट हाऊस : एका घराण्याच्या अन्नव्यवसायाचा इतिवृत्तान्त

पाठशाळा, ग्रंथालय, सहकारी पेढी किंवा नाटकमंडळी यांचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याच्या हाताशी ठरावांची बुके, वार्षिक अहवाल, अध्यक्षांची भाषणे आणि जमाखर्चाचे तक्ते असे विपुल साहित्य असते. परंतु ज्या संस्थेचे सारे कर्तृत्व प्रत्यही पहाटे चुलीवर चढते, मध्यान्ही ताटात पडते आणि रात्री भांडी घासून पालथी घातली की निःशेष होते, तिच्या इतिहासकाराला मुख्यतः लोकांच्या जिभेवर उरलेल्या स्मृतीचाच आधार घ्यावा लागतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर १९३५ साली स्थापन झालेले आणि सरपोतदार घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेले पूना गेस्ट हाऊस हे या प्रकारचे स्थळ आहे. त्याला संस्था हे नामाभिधान देण्यात अतिशयोक्ती नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण दुकान माल विकते, आणि हे गृह मालाबरोबर एक शिरस्ता सांभाळीत आले आहे, ज्याची वहिवाट बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे आणि आचाऱ्याकडून त्याच्या हाताखालील पोऱ्याकडे गेली आहे.

हा शिरस्ता कशातून उत्पन्न झाला हे समजण्यासाठी पुण्याच्या भोजनव्यवहाराची पूर्वपीठिका ध्यानात घेतली पाहिजे. ज्या नगरात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये केवळ चहाबिस्किटे घेतल्याच्या आरोपावरून ग्रामण्य उभे राहिले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाशी झगडावे लागले, त्या नगरात कोणी कोणाच्या हातचे, कोणाच्या पंक्तीला बसून, काय खावे हा प्रश्न या गृहाच्या स्थापनेआधी सुमारे अर्धशतक धर्मपीठापर्यंत जात होता. घराबाहेर जेवणे ही गोष्ट त्या काळी प्रवासी, विद्यार्थी आणि निराधार यांच्याच वाट्याला येई. परगावाहून विद्येसाठी आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार लावून जेवे किंवा माधुकरी मागे. ज्याची थोडी ऐपत असे तो सदाशिव-नारायण पेठांतील एखाद्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर नाव घाली. या खाणावळी बहुधा एखाद्या विधवा बाईने किंवा देशोधडीस लागलेल्या भटजींनी चालविलेल्या असत, आणि कोणाच्या हातचा स्वयंपाक आहे हे दारावरच्या पाटीवर जातीच्या उल्लेखासह स्पष्ट लिहिलेले असे. लक्ष्मी रस्त्यावरील नव्या गृहाने आपल्या नावात जात लिहिली नाही, आणि देवाचे नावही घेतले नाही. परक्या भाषेतील हे साधे नाव काळाच्या बदलत्या हवेचा दाखला म्हणून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संस्थापक नारायणराव दामोदर तथा नानासाहेब सरपोतदार हे मूळचे अन्नव्यवसायातले नव्हते. १८९६ साली जन्मलेले, रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले हे गृहस्थ नाटकाच्या वेडाने घराबाहेर पडले, आणि कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत मूकपटांच्या कथारचनेचे शिक्षण घेऊन पुण्यास स्वतंत्रपणे चित्रनिर्मिती करू लागले. युनायटेड पिक्चर्स आणि आर्यन फिल्म कंपनी ही नावे त्यांच्या कारकिर्दीशी निगडित आहेत. पौराणिक आणि ऐतिहासिक कथांना लोकांची मागणी असताना त्यांनी १९२५ साली ‘महाराची पोर’ या चित्रपटातून अस्पृश्यतेचा विषय पडद्यावर आणला, हे त्यांच्या विचारांची दिशा सांगावयास पुरेसे आहे. पुढे हिंदी-मराठी चित्रसृष्टीत दीर्घकाळ गाजलेल्या ललिता पवार यांचा बालवयातील चित्रपटप्रवेश आर्यन फिल्म कंपनीतच झाला. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्या दिसल्या. त्या काळची चित्रपट कंपनी म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंबच असे. नट, सुतार, रंगारी, शिंपी, घोडेवाले, कॅमेरा चालविणारे, त्यांची बायकामुले, असा सारा लवाजमा एका आवारात राही, आणि चित्रणाचा दिवस सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्याने सर्वांची जेवणे एका वेळी, एका मुदपाकखान्यातून होत. शेकडो माणसांना वेळेवर आणि समाधानाने जेवू घालणे हा चित्रनिर्मात्याच्या कामाचाच एक भाग होता. नानासाहेबांच्या पुढील व्यवसायाची तालीम तेथेच झाली असली पाहिजे, असे मानण्यास हरकत नाही.

१९३१ च्या मार्च महिन्यात ‘आलम आरा’ मुंबईत झळकला, पुढल्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि मूकपटांच्या साऱ्या कारखान्यांवर एकाएकी अवकळा आली. ध्वनिमुद्रणाची यंत्रे, बंदिस्त ध्वनिरोधक स्टुडिओ, गाऊ शकणारे नट या सर्वांसाठी लागणारे भांडवल लहान कंपन्यांपाशी नव्हते. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली तेव्हा पुण्यातील चित्रधंद्याचे केंद्र तिच्या विस्तीर्ण आवारात गेले. अशा संधिकाळात नानासाहेबांनी शहराच्या भर वस्तीत, मंडई, तुळशीबाग आणि बुधवार चौक जेथून हाकेच्या अंतरावर आहेत अशा रस्त्यावर, उतारूंच्या निवासाची आणि भोजनाची सोय करणारे गृह काढले. एका कलेच्या एका पर्वाचा अस्त आणि या गृहाचा उदय यांमध्ये जेमतेम चार वर्षांचे अंतर आहे. नानासाहेब १९४० साली निवर्तले. म्हणजे आपण लावलेल्या या रोपाची वाढ पाहावयास त्यांना अवघी पाच वर्षे मिळाली.

आता या गृहातील अन्नाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्यावाचून या इतिहासाला अर्थ नाही. थालीपीठ, साबुदाणा वडा, अळूची पातळ भाजी, डाळिंब्यांची उसळ, मसालेभात, पुरणपोळी हे पदार्थ महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत इतके परिचयाचे होते की, ते पैसे मोजून बाहेर खावेत अशी कल्पना त्या पिढीतील गृहिणीला रुचली नसती. उपाहारगृहात जावयाचे ते घरी न होणाऱ्या पदार्थांसाठी, असाच सर्वांचा समज होता. आणि उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहांनी इडली-डोशाच्या रूपाने तो समज पुढे दृढ केला. याच्या उलट, घरी होणारेच पदार्थ घरच्यासारखेच करून विकावयाचे, हा मार्ग वरवर सोपा दिसतो आणि प्रत्यक्षात अत्यंत अवघड आहे. परदेशी किंवा परप्रांतीय पदार्थाची चूक गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. अळूच्या भाजीत चिंच किंचित कमी पडली तर ती खाणाऱ्या प्रत्येकाला कळते, कारण प्रत्येकाच्या मनात आपल्या आईच्या किंवा आजीच्या हातची भाजी हेच प्रमाण म्हणून बसलेले असते. असे सहस्र परीक्षक रोज समोर बसवून स्वयंपाक करावयाचा म्हणजे काय, हे ज्याने मोठा स्वयंपाक केला आहे त्यालाच समजेल.

थालीपिठाचेच उदाहरण घ्यावे. त्याची भाजणी म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे आणि जिरे यांचे पीठ, इतके सांगून भागत नाही; प्रत्येक धान्य निरनिराळे भाजावे लागते, कारण तांदूळ ज्या आचेवर खमंग होतो त्या आचेवर जिरे करपते, आणि उडीद कच्चा राहिला तर थालीपीठ चिकट होऊन टाळ्याला लागते. दळताना पीठ फार बारीक झाले तर थालीपिठाला खुसखुशीतपणा येत नाही, फार जाड राहिले तर थापताना कडा फाटतात. मग कांदा, तिखट, कोथिंबीर घालून पीठ भिजवावयाचे, ओल्या फडक्यावर थापावयाचे, मध्ये व भोवती भोके पाडून त्यांत तेल सोडावयाचे आणि झाकण ठेवून मंद आचेवर राहू द्यावयाचे. घरी चार माणसांसाठी हे सारे एका बाईच्या नजरेने आणि हाताच्या अंदाजाने होते. तेच दिवसाकाठी शेकडो वेळा करावयाचे झाले तर अंदाजाचे रूपांतर मापात केले पाहिजे, आणि तरीही त्या मापामागचा अंदाज हरवता कामा नये. साबुदाणा कोणत्या गिरणीचा आहे, तो जुना की नवा, यावर त्याचे भिजणे अवलंबून असते. वालाला मोड येण्याचा काळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळा असतो, आणि मोड आलेला प्रत्येक वाल हाताने सोलल्याशिवाय डाळिंबी होत नाही. या एका उसळीच्या वाटीमागे किती बोटांचे श्रम असतात याचा हिशेब गल्ल्यावर लावता येत नाही. पाच माणसांच्या भाजीचे मीठ वीसपट केले म्हणजे शंभर माणसांच्या भाजीचे मीठ होत नाही, हे गणित पुस्तकात नसते. गोडा मसाला, तीळकूट, दाण्याचे कूट, आमसूल, चिंचगूळ या गोष्टींचे प्रमाण पिढ्या बदलल्या तरी ढळू न देणे हीच या व्यवसायातील खरी विद्या आहे, आणि ती घराण्यात टिकते याचे कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, मालकाच्या घरच्या स्वयंपाकाची आणि गिऱ्हाइकांसाठी होणाऱ्या स्वयंपाकाची चव एकच असावी हा आग्रह होय. मालक स्वतः जे जेवतो तेच जेथे वाढले जाते, तेथे तपासनीस नेमावा लागत नाही.

पुण्याच्या पंचांगाशीही असे गृह बांधलेले असते. श्रावणातले उपास, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारे जुने लोक, नवरात्र, संकष्टी, या प्रत्येकाला मुदपाकखान्यात वेगळी तजवीज लागते. उपासाच्या पदार्थांची भांडी, तेल आणि जागा निराळी ठेवावी लागते, कारण येथील गिऱ्हाईक याबाबतीत फसवणूक सहन करीत नाही. आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशी तर लक्ष्मी रस्त्यावरील प्रत्येक उपाहारगृहाची कसोटी लागते. मंडईतील टिळकांच्या पुतळ्यापासून निघालेली विसर्जनाची मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे सरकत असते, ती दुसऱ्या दिवशी उजाडून गेले तरी संपत नाही; या साऱ्या अवधीत ढोलपथकातील मुले, कार्यकर्ते, बंदोबस्तावरचे पोलीस, परगावाहून आलेली कुटुंबे, सर्वांना एकाच वेळी भूक लागलेली असते, आणि रस्ता बंद असल्याने दूध, भाजी किंवा सरपण बाहेरून येऊ शकत नाही. अशा वेळी लागणारी पूर्वतयारी ही एखाद्या लष्करी मोहिमेच्या रसदखात्यास साजेशी असते.

पूना गेस्ट हाऊसची कीर्ती केवळ अन्नावर उभी नाही. कलावंतांचे आश्रयस्थान म्हणूनही पुण्यात त्याचे नाव घेतले जाते. संस्थापकच रंगभूमी आणि चित्रपट यांमधून आलेला असल्याने नटांच्या दिनक्रमाची जाण या घराला उपजतच होती. रात्रीचा प्रयोग संपून रंग पुसून बाहेर पडलेल्या नटाला मध्यरात्री जी भूक लागते ती सामान्य गृहस्थाच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि फिरत्या नाटकमंडळीतल्या किंवा तमाशाच्या फडातल्या माणसाला बिदागी आज मिळेल की पुढल्या मुक्कामी, याची शाश्वती नसते. मिळकत अनियमित आणि भूक नियमित, अशा या वर्गाला ओळखीवर उतरू देणारी आणि उधारीवर जेवू घालणारी जागा शहरात असणे ही फार मोठी गोष्ट आहे. संस्थापकांचे चिरंजीव चारुदत्त सरपोतदार यांना पुण्यातील कलावंत मंडळी ‘चारूकाका’ म्हणून ओळखीत, आणि या संबोधनातच त्यांच्या व्यवहाराचे स्वरूप दिसते. मालकाला काका म्हणणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईक राहत नाही. भरत नाट्य मंदिरातील प्रयोग असो, की १९६८ साली नदीपलीकडे बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिल्यानंतर तिकडील प्रयोग असो, नाटकवाल्यांची पावले जुन्या पेठेतील या घराकडे वळत राहिली. नाट्यव्यवसायाचा इतिहास लिहिणारे लेखक नाटककारांचा, नटांचा आणि कंपनीच्या मालकांचा परामर्श घेतात; त्या नटांना रात्री बारा वाजता वरणभात कोणी वाढला हे मात्र लिहून ठेवीत नाहीत, ही उणीव आहे असे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

नव्वद वर्षांच्या कालखंडात संकटांची वाण नव्हती. दुसऱ्या महायुद्धात शिधावाटप सुरू झाले, आणि तांदूळ, गहू, साखर, रॉकेल या प्रत्येक वस्तूसाठी परवान्याची पाळी आली. भोजनगृहाने किती वाढावे यावरही सरकारी निर्बंध आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे फुटून पुण्यावर जो प्रलय कोसळला, त्यात नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्याच, शिवाय साऱ्या शहराचा पाणीपुरवठा तुटला, आणि वाड्यांतील वापरातून गेलेल्या विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या. पाण्यावाचून स्वयंपाकघर कसे चालवावे हा धडा त्या पावसाळ्यात शहरातील प्रत्येक खाणावळीने घेतला. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले तेव्हा सोमवारी संध्याकाळी उपाहारगृहांनी स्वखुशीने दारे लावून घेतली; ज्यांचा चरितार्थ लोकांच्या जेवणावर चालतो त्यांनी लोकांच्या उपासात सहभागी व्हावे, याहून उदात्त दाखला या धंद्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्यानंतरचे सर्वांत कठीण पर्व अगदी अलीकडचे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे भोजनगृहे बंद झाली, ती ५ ऑक्टोबरपर्यंत गिऱ्हाइकांना बसवून जेवू घालू शकली नाहीत, आणि त्यानंतरही निम्म्याच खुर्च्या भरण्याची मुभा होती. पुण्या-मुंबईतील कित्येक जुनी नावे त्या काळात कायमची मिटली.

घराण्याच्या दुसऱ्या अंगाचाही उल्लेख केला पाहिजे. ज्या चित्रव्यवसायाने नानासाहेबांचा हात सोडला, तो त्यांच्या वंशजांनी सोडला नाही. पुढील पिढ्यांतील सरपोतदारांनी मराठी चित्रपटांची निर्मिती, वितरण आणि दिग्दर्शन यांत भाग घेतला. अजय सरपोतदार हे अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे अध्यक्ष होते, आणि त्यांचे चिरंजीव, म्हणजे नानासाहेबांचे पणतू, आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला ‘मुंज्या’ २०२४ साली देशभर पाहिला गेला. एकाच घराण्यात पडदा आणि पाकशाळा या दोन्ही परंपरा चार पिढ्या नांदाव्यात, हे महाराष्ट्रात विरळाच घडले आहे.

या अवधीत गिऱ्हाइकाचे स्वरूप पालटले, आणि त्या पालटात या गृहाचे महत्त्व वाढले. एकत्र कुटुंबे मोडली, स्त्रिया कचेऱ्यांत जाऊ लागल्या, वाडे पडून इमारती उठल्या, पाटा-वरवंटा आणि जाते घराबाहेर गेले. ज्या घरात पूर्वी वर्षाची भाजणी एकदम भाजली जाई, त्या घरातील मुलगी आज शनिवारी आपल्या मुलांना घेऊन थालीपीठ खावयास लक्ष्मी रस्त्यावर येते. पूर्वी जे पदार्थ घरी मिळतात म्हणून बाहेर कोणी मागत नसे, ते आता घरी होत नाहीत म्हणून बाहेर शोधले जातात. याबद्दल कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. स्त्रीच्या डोक्यावरून चुलीचा भार उतरला हे इष्टच झाले. परंतु त्या चुलीवरची विद्या कोणीतरी सांभाळली पाहिजे, आणि ती वस्तुसंग्रहालयात सांभाळता येत नाही. ती रोज रांधूनच सांभाळावी लागते. पूना गेस्ट हाऊस आणि त्याच्यासारखी मराठी भोजनगृहे हे कार्य कोणत्याही अनुदानावाचून, नफातोट्याच्या कठोर नियमात राहून, करीत आली आहेत, आणि या बाबतीत त्यांची कामगिरी आमच्या अनेक सांस्कृतिक मंडळांहून सरस आहे, असा प्रस्तुत लेखकाचा स्पष्ट अभिप्राय आहे.

एक खंत मात्र उरते. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात; १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच पुण्यात स्थापन झाले तोपर्यंत बहुतेकांची नायट्रेटची रिळे जळून वा कुजून गेली होती. भोजनगृहांच्या कागदपत्रांची गत याहून वेगळी होईल असे वाटत नाही. उतारूंच्या नोंदवह्या, ज्यांत कोणत्या गावची कोणती नाटकमंडळी कोणत्या तारखेस उतरली हे लिहिलेले असे, किराण्याच्या चोपड्या, ज्यांतून दशकादशकांचे भाव कळतात, आचाऱ्यांच्या पगाराचे हिशेब, जुनी दरपत्रके, समारंभांची छायाचित्रे, हे सारे रद्दीत जाण्याच्या मार्गावर असते, कारण त्याला इतिहासाचे साधन मानण्याची सवय आम्हांस नाही. म्हणून वाचकांना विनंती अशी की, ज्यांच्या घरी पूना गेस्ट हाऊसचे किंवा पुण्या-मुंबईतील, कोल्हापूर-सातारा-नाशिकातील कोणत्याही जुन्या खाणावळीचे बिल, पत्र, छायाचित्र वा नोंदवही असेल, त्यांनी ती टाकून देऊ नये; तिच्यावर साल आणि माणसांची नावे लिहून ती त्या त्या गृहाच्या चालकांकडे किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या दप्तरात जमा करावी. आणि ज्यांच्या घरी अजून भाजणी भाजणारी एखादी वृद्ध व्यक्ती असेल, त्यांनी तिचे प्रमाण तिच्याच शब्दांत आजच उतरवून घ्यावे.